तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम कशाला?

"लिनक्स फुकट मिळतं, मग स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची कशाला? आणि लिहिलीत ती लिहिलीत, वापरता तरी का?" लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की हे दोन प्रश्न ठरलेले. पहिल्याचं उत्तर लहान आहे: हौस. लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनेही ऑगस्ट १९९१मध्ये त्याची पहिली वर्दी देताना हा नुसता छंद आहे, असंच लिहिलं होतं. त्याचा छंद जगभर गेला, माझा ओट्यापर्यंत. दुसऱ्याचं उत्तर: हो, रोज. घरखर्च मी त्यातच लिहितो, एका जुन्या लॅपटॉपवर.

सुरुवात ५१२ बाइटांची. जुन्या बायोसचं (मशीन चालू होताना आधी जागा होणारा प्रोग्राम, तो बायोस) मशीन डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे एवढाच पहिला तुकडा, उचलतं, शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही ठरलेली खूण आहे का बघतं, आणि असली की सगळा कारभार तुमच्या गळ्यात टाकून मोकळं होतं. तिथून पुढे आयतं फारसं काही नाही. कीबोर्डसुद्धा अक्षर सांगत नाही, आकडा सांगतो. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमधला 'क' दाबला की ३७, सोडला की १६५. माझ्याकडे पहिलं अक्षर उमटलं आणि मी घरभर ओरडत फिरलो. परत येऊन दुसरं दाबलं तर ढिम्म. दर इंटरप्टनंतर, म्हणजे कळ दाबल्याची वर्दी आली की, ती पोचवणाऱ्या कंट्रोलर चिपला पोच द्यावी लागते. मी देत नव्हतो, तो बिचारा पोचपावतीची वाट बघत बसला होता. एवढं कळायला दोन रात्री गेल्या.

मग देवनागरी. 'कि' मेमरीत आधी क, मग वेलांटी असा असतो, पण पडद्यावर वेलांटी आधी काढायची. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन बसवायचा. शाळेत बाई शिकवून गेल्या ते सगळं मी मशीनला ठिपक्याठिपक्याने शिकवत होतो.

पण खरी गंमत वापरायला लागल्यावर सुरू झाली. चाचणीच्या माझ्या सगळ्या फायली इंग्रजीत, दहा-बारा शब्दांच्या. घरखर्च मराठीत. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा-वेलांट्या धरून. माझ्या डिस्कचा क्लस्टर, म्हणजे फायलीला एका वेळी मिळणारा जागेचा कप्पा, २०४८ बाइटांचा, म्हणजे जेमतेम ६८० चिन्हं. महिनाअखेरीला किराणा त्यापलीकडे गेला आणि माझ्या कोडने पुढचा क्लस्टर रिकामा आहे की नाही हे न बघता खुशाल त्यावर लिहून टाकलं. तिथे दुधाचा हिशेब होता. त्या महिन्यातले खाडे गेले आणि दूधवाल्याला पूर्ण महिन्याचे पैसे मोजावे लागले. तक्रार कुणाकडे करणार? कस्टमर केअर असतं तर फोन मीच उचलला असता.

ही चूक वर्षभर कोडात बसून होती आणि चाचण्या बिनबोभाट पास होत होत्या. म्हणून मी ही सिस्टीम वापरतो. रात्री साडेदहाला, जेवण झाल्यावर, कांदे किती आणले हे आठवत टाइप करताना जे सापडतं ते मुद्दाम शोधायला बसलं की सापडत नाही. वायफाय नाही, छपाई नाही, बँकेचं काम फोनवर. ते करायचा विचारही नाही. वायफायचा ड्रायव्हर लिहिण्यात उरलेलं आयुष्य घालवायचं नाही मला.

सध्याची अडचण वेगळी आहे. 'र' पाय मोडून आला की रफार चढव, एवढाच माझा नियम. त्यामुळे कैऱ्या लिहिलं की पडद्यावर 'कैर्या' दिसतं आणि बायको ते मोठ्याने, आहे तसं वाचून दाखवते. नियम सुधारेपर्यंत यादीत 'कैरी' असंच लिहितो, मग दोन किलो आणलेल्या का असेनात.