नेपानगर: कागदाच्या नावाचे गाव

पुण्याहून झेलम एक्सप्रेसने उत्तरेकडे जाताना भुसावळ आणि खांडव्याच्या दरम्यान नेपानगर हे स्थानक लागते. हे नाव कुठल्याशा देवतेचे असावे, असा माझा बरीच वर्षे समज होता. प्रत्यक्षात ते 1947 मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ या कंपनीच्या आद्याक्षरांतून आले आहे. आधी गिरणी आणि मग तिच्यासाठी वसाहत, असा इथला क्रम. वृत्तपत्रांचा कागद बनवणारी देशातील ही पहिली गिरणी 1956 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली.

जागेची निवड जंगलाने केली, असे म्हणावे लागेल. सालईचे लाकूड यंत्रावर दळून केलेला लगदा स्वस्त पडतो, परंतु त्याचे तंतू आखूड असल्याने वेगवान छपाईत कागद फाटण्याची भीती असते. म्हणून रसायनांत शिजवलेल्या बांबूचा लांब तंतूंचा लगदा त्यात मिसळला जाई. दळलेल्या लाकडातील लिग्निन (तंतूंना एकत्र धरून ठेवणारा नैसर्गिक घटक) मात्र कागदातच राहते आणि उन्हा-हवेने त्याला पिवळे करते. सदाशिव पेठेतल्या आमच्या माळ्यावरची वडिलांची कात्रणे (आईच्या मते रद्दीच) पिवळी पडली, ती याच कारणाने. पुढे गिरणीने लाकूड सोडून रद्दीपासूनच कागद करायला घेतला.