लोक चिडत नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून. कार्यक्रमांत समोर बसलेल्या लोकांचे चेहरे मी जागच्या जागी गमतीदार करून काढते. कार्यक्रम आटपून मी मार्करची टोपणं शोधत असते, तेव्हा कोणीतरी येतंच: "एवढाली नाकं काढता, लोक चिडत नाहीत?" मी "नाही हो" म्हणून पिशवी भरते. आज जरा नीट सांगते.

एक तर मी नाकं मोठी काढत नाही. (काढते. रांग वाढली की काढते.) माणूस ओळखू येतो तो अंतरांवरून. दोन डोळ्यांत जागा किती, नाकाच्या टोकापासून वरचा ओठ किती लांब, कपाळाच्या वाट्याला काय आलंय. जास्त असेल ते ताणायचं, कमी असेल ते आवळायचं. एका चेहऱ्याला चार मिनिटं, तीही थेट ब्रश पेनने, म्हणजे खोडायची सोय नाही. तासाला पंधरा चेहरे हा हिशेब आयोजकांचा; माझे बारा झाले तरी खूप.

आणि हा धंदा लोकांच्या व्यंगावर चालतो, हे तर ऐकून कान किटले. व्यंगचित्र म्हटलं की लोकांना शरीरातली उणीवच आठवते, म्हणून मी अर्कचित्र म्हणते. कॅरिकेचर हा शब्द आला इटालियन 'कारिकारे'वरून, म्हणजे भार लादणे. आपण मात्र अर्क काढतो. हे मी फार ऐटीत सांगायचे.

१८३२ मध्ये ऑनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराला, फ्रान्सच्या राजाला चित्रात खादाड राक्षस केल्याबद्दल, सहा महिन्यांची शिक्षा झाली. पण राजा काही त्याच्यासमोर स्टुलावर बसला नव्हता. माझं गिऱ्हाईक हातभर अंतरावर असतं आणि चित्र त्याला सोडून सगळ्यांना दिसतं. माझ्या पाठीमागची गर्दी हसते, आणि तो बिचारा त्या हसण्यावरून आपलं काय झालंय याचा अंदाज घेत बसतो.

एका कंपनीच्या कार्यक्रमात पन्नाशीचे एक गृहस्थ येऊन बसले. चेहऱ्याची डावी बाजू लकव्याने उतरलेली, तोंड उजवीकडे ओढलेलं. डावी पापणी पुरती मिटत नव्हती. मधूनमधून रुमालाने डोळा टिपत होते. त्यांच्या आधीच्या पोराची हनुवटी मी कागदाच्या कडेला टेकवली होती आणि सगळे अजून खिदळत होते. मी नेहमी डोळ्यांपासून सुरुवात करते. त्या दिवशी केसांपासून केली. मग कान, मग चष्मा. शर्टाची कॉलर इतकी मन लावून मी जन्मात काढली नसेल. शेवटी तोंड काढलं, सरळ, दोन्ही बाजूंनी सारखं हसणारं. मागून कोणीतरी "छान" म्हणालं. हसलं कोणीच नाही.

त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला. "हा कोण?"

"तुम्हीच की."

"असा मी सहा वर्षांपूर्वी होतो. तेव्हाही एवढा गुळगुळीत नव्हतो." मग अगदी शांतपणे, "त्या पोराची हनुवटी घेतलीत. माझं तोंड का नाही घेतलंत? पुन्हा काढता?"

मी रांगेकडे पाहिलं. "गर्दी फार आहे हो."

रांगेत आठ जण होते.

"बरं," म्हणाले आणि उठले. चित्र खुर्चीवरच राहिलं.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की मी त्यांना जपलं. खोटं आहे. मी मला जपलं. वाकडं तोंड काढलं असतं आणि मागची गर्दी हसली असती, तर ते हसू माझ्या नावावर जमा झालं असतं. पण मग काढायला हवं होतं का? ते 'काढा' म्हणाले ते चित्र पाहिल्यावर. बसताना म्हणाले नव्हते. आणि गर्दी हसलीच असती तर ते त्यांनी सोसायचं, की मी? उगाच नैतिक बडबड करू नका, तुम्हीही त्या क्षणी कॉलरच काढली असतीत.

तर, चिडतात का? ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं.

मध्यंतरी एक बाई बसल्या. गालावर भाजल्याची मोठी खूण. या वेळी मी विचारलं, "ही घेऊ का?"

"विचारताय कशाला?" त्या म्हणाल्या.

याचा अर्थ घ्या की घेऊ नका, मला कळलं नाही. खूण काढली. जरा लहान काढली.