पावतीवर ‘दान’ का लिहीत नाही?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा खजिनदार या नात्याने पावत्या मी फाडतो. रक्कम हाती देताना अनेक जण एकच प्रश्न विचारतात : ‘दान’ हा इतका पवित्र शब्द असताना तुम्ही पावतीवर ‘देणगी’ असा कोरडा शब्द का लिहिता? तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दान दिले की त्यावर उदक सोडायचे, ही आपली रीत आहे. तळहातावरून पळीभर पाणी सोडले की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवले’ असे म्हणतो तेव्हाही अर्थ हाच असतो. देण्यापूर्वी घेणारा सत्पात्र आहे की नाही हे पाहायचे, दिल्यावर मात्र त्याचे पुढे काय झाले हे विचारायचे नाही. वाचनालयात असे चालणार नाही. तुमच्या पैशांतून किती पुस्तके आली आणि कपाटांवर किती खर्च झाला, हे वार्षिक सभेत उठून विचारण्याचा तुमचा हक्क शाबूत राहिला पाहिजे, आणि माझ्या मते तो ‘देणगी’ या शब्दात राहतो. सार्वजनिक विश्वस्त संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्याकडे ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणतात; नावात धर्म असला तरी त्यांच्याकडे संस्थेला हिशेब सादर करावाच लागतो.

याचा अर्थ दान मला कमी प्रतीचे वाटते असा नाही. रक्तदान आणि नेत्रदान या शब्दांत तो जुना अर्थ आजही पुरेपूर टिकून आहे. पैसे घेऊन रक्त देण्यावर आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. रक्तपेढी शुल्क घेते ते तपासणीचे आणि साठवणुकीचे. देणारा बिस्किटे आणि चहा घेऊन निघून जातो आणि आपले रक्त कोणाला चढवले हे कधी विचारत नाही. हेच खरे उदक सोडणे. नेमक्या याच कारणासाठी ‘कन्यादान’ हा शब्द मला मुळीच मान्य नाही, कारण मुलीवर उदक सोडून आई-बापांनी तिचे पुढे काय झाले हे विचारायचे नाही, ही कल्पनाच असह्य आहे.

दानात एक धोका मात्र असतो : देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणाऱ्याचा खाली. आपल्या लोकांनी त्यावर काढलेला उतारा मला फार मोलाचा वाटतो. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे चिपळ्या वाजवत दारात येतो, घरची बाई सुपातले पसाभर धान्य त्याच्या झोळीत घालते आणि तो ‘दान पावलं, दान पावलं’ म्हणत गिरकी घेतो. मग तो एकेका देवाचे नाव घेतो : पंढरीच्या विठोबाला पावले, जेजुरीच्या खंडोबाला पावले, तुळजापूरच्या भवानीला पावले. झोळी त्याची आणि पोटही त्याचे, पण धान्य पोचते देवाला. त्यामुळे त्या बाईला त्याच्यावर उपकार केल्याचे मिरवता येत नाही आणि त्यालाही मान खाली घालावी लागत नाही. ‘पावती’ हा शब्द याच ‘पावणे’तून आला आहे, आणि वासुदेव देतो ती तोंडी पावतीच होय. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तर बायका वाण ‘लुटतात’. वस्तू देणारी स्वतःच्या हाताने देते आणि क्रियापद मात्र लुटण्याचे वापरते. दसऱ्याच्या सोन्याचेही तसेच. घेणारीला ओशाळे वाटू नये याची इतकी काळजी भाषेने घेतलेली पाहून मला नेहमीच भरून येते.

आहेर हा निराळा व्यवहार आहे. तो वहीत लिहून ठेवतात आणि देणाऱ्यांच्या घरी कार्य निघाले की वही पाहून परत करतात.

वर्गणीचे महत्त्व मात्र आपण कमी लेखतो, कदाचित गणपतीच्या दिवसांत ती मागणाऱ्यांच्या आग्रहामुळे असेल. वर्गणी देणारा सभासद असतो, दाता नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगासाठी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एखाद्या धनिकाने एवढी रक्कम एकटा दिली असती तर तो त्याचा कारखाना ठरला असता. पैसा देणाऱ्या प्रत्येकाला तो आपला वाटला, ही वर्गणीची करामत.

विनोबांनी तर १९५१ साली ‘भूदान’ म्हणताना ‘दान’ या शब्दाचाच अर्थ पालटून दाखवला. दान म्हणजे संविभाग, म्हणजे सारखी वाटणी, हे शंकराचार्यांचे वचन ते पुढे करत आणि जमीनदाराला सांगत की, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. हिस्सा मागणारा याचक नसतो. या अर्थाने कोणी दान म्हणत असेल तर माझी काहीच हरकत नाही, पण पावतीपुस्तकावर एवढा अर्थ मावत नाही.

राहता राहिले गुप्तदान. देवळाच्या दानपेटीत ते शोभते, पण आमच्यासारख्या संस्थेने निनावी रकमा ठरावीक मर्यादेपलीकडे घेतल्या तर त्यांवर आयकर लागतो. म्हणून ज्यांना नाव नको असते त्यांची पावती मी त्यांच्या नावानेच फाडतो आणि देणगीदारांच्या फलकावर त्यांच्यापुरते ‘एक वाचक’ असे लिहितो. तुम्हाला तसे हवे असल्यास रक्कम देतानाच सांगावे.