मुलींची दोन वर्षं

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणावर बारा पानी असाइनमेंट लिहिली होती, इंग्रजीत. परत आली तेव्हा पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीची एक तिरकी रेघ होती. त्या पानात तक्षशिला होती, नालंदा होती, शिक्षण हा समाजाचा पाया असल्याचंही होतं. बडोदं दुसऱ्या पानावर सुरू होत होतं. पुढे समासात सात-आठ ठिकाणी एकच शब्द: कशावरून?

एका वाक्यावर मात्र वेगळी खूण होती. मी लिहिलं होतं की १८९३ साली अमरेली भागात प्रयोग झाला, १९०६ साली सक्ती सगळ्या संस्थानात लागू झाली, मुलांना ७ ते १२ आणि मुलींना ७ ते १० या वयात. मॅडमनी १२ आणि १० या आकड्यांभोवती गोल काढून विचारलं होतं, 'ही दोन वर्षं कुठे गेली?'

मी ते वाक्य पुस्तकातून उतरवलं होतं. हाताने लिहिलं, टाईप केलं, दोनदा तपासलं, आणि तरी ती दोन वर्षं मला दिसली नव्हती.

घरी, दांडिया बाजारात, आजी गहू निवडत बसली होती. 'काय लिहितेस एवढं?' म्हणाली. मी माझा आवडता परिच्छेद मराठीत सांगू लागले आणि दुसऱ्या वाक्याला अडकले. मराठीत आणल्यावर त्यात काही उरेचना. मग नुसतं बारा आणि दहाचं सांगितलं. तिचा हात थांबला. 'माझी आई पेटलादला चौथीपर्यंत शिकली. मामा पुढे शिकले.'

दुसऱ्या दिवशी धावत मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, 'एका घरावरून सिद्ध काहीच होत नाही. पण प्रश्न सापडला ना? आता शोधा.'

पुढचे दोन आठवडे विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत गेले. संस्थानाचे जुने वार्षिक अहवाल काढून मुलामुलींचे आकडे वहीत उतरवत बसायचे. लिहिताना एक सवय लावून घेतली, ती आजही सोडलेली नाही: प्रत्येक परिच्छेद आधी आजीला मराठीत सांगायचा. तिला कळलं तरच इंग्रजीत लिहायचा. न कळलेलं बहुतेक वेळा मलाच कळलेलं नसायचं. भाषा सुधारायला म्हणून मी आधी शब्दकोश पाठ करत होते. त्या वेळाचं मला आज खरंच वाईट वाटतं.

दुसरा मसुदा सात पानांचा झाला. पहिलंच वाक्य बारा आणि दहाचं. पणजीला त्यातून काढलं, तिच्या शाळेचा कागद माझ्याकडे नव्हता. काढताना जिवावर आलं.

आजीला सगळा सांगून झाला तेव्हा ती म्हणाली, 'मग पुढे मुलींचं वय वाढवलं का गं?'

मी वही घेऊन पुन्हा लायब्ररीत गेले.