तुम्ही विचारलंत म्हणून: सैनिकांच्या बाजूचे, मग युद्धावर टीका का?

पुण्याहून पाहुणे आले की किंवा इथे अमेरिकेतल्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या लायनीत उभं असताना हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही तर रिपब्लिकनवाले, मग "सपोर्ट अवर ट्रूप्स" (आपल्या सैनिकांना पाठिंबा द्या) म्हणजे युद्ध चालू असताना प्रेसिडेंटला काही बोलायचं नाही, असंच ना? मग इराकच्या युद्धावर एवढं तोंडसुख का घेता?

छोटं उत्तर, नाही, असं नाही. लांब उत्तर वेळ असेल तर वाचा.

नॉर्थ कॅरोलिनात राहिलं की हा विषय पुस्तकी राहत नाही. फोर्ट ब्रॅग हा लष्करी तळ इथलाच, मरीन सैनिकांचा कँप लेज्यून इथलाच, ऑफिसात नाहीतर मुलांच्या शाळेत कुणाचा तरी नवरा, बायको, भाऊ डिप्लॉयमेंटवर, म्हणजे परदेशी मोहिमेवर, असतोच. व्हिएतनामहून परत आलेल्या पोरांना जी वागणूक मिळाली ती पुन्हा कुणाच्या वाट्याला नको, हे इथले जुने लोक अजून तळमळून सांगतात आणि तिथपर्यंत मी पूर्ण त्यांच्यातला आहे. गडबड त्याच्या पुढे होते. सैनिकाला पाठिंबा म्हणता म्हणता तो पाठिंबा कधी पेंटॅगॉनच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या, आणि कधी व्हाइट हाऊसच्या खात्यात जमा होतो ते कळतही नाही.

"युद्धात राजकारण नको" म्हटलं की सगळे व्हँडेनबर्गचं नाव घेतात. मिशिगनचा रिपब्लिकन सिनेटर, प्रेसिडेंट ट्रूमन विरोधी पक्षाचा असूनही मार्शल प्लॅन (महायुद्धानंतर युरोपला दिलेली मदत) आणि नेटोसाठी त्याला साथ दिली, राजकारण देशाच्या किनाऱ्यापाशी थांबतं असं म्हणायचा. मोठा माणूस, वादच नाही. पण त्याच पक्षातला रॉबर्ट टाफ्ट कुणाला आठवत नाही, ज्याला लोक "मिस्टर रिपब्लिकन" म्हणायचे. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर जेमतेम बारा दिवसांनी, १९ डिसेंबर १९४१ ला, शिकागोच्या भाषणात त्याने सांगितलं की युद्धकाळात टीका हवीच, शत्रूला त्यातून घटकाभर बरं वाटलं तर वाटू दे, देशाचा फायदा त्याहून जास्त आहे, कारण चुका टळतात. आणि टाफ्ट म्हणजे काही कॉलेजातला डावा पोरगा नव्हे!

(आपल्याकडेही, १९६२ ला चीनचं युद्ध चालू असतानाच वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन मागितलं, संरक्षणमंत्री मेनन यांना तर स्वतःच्याच पक्षातल्या खासदारांनी जायला लावलं आणि म्हणून त्यांच्या जागी यशवंतराव दिल्लीला गेले. तेव्हा सैनिकांचा अपमान झाला असं सातारकर म्हणतील का?)

मला खरी चीड कसली येते, तर नियम पक्ष बघून बदलतो त्याची. डिसेंबर १९९८ मध्ये क्लिंटनने इराकवर बाँब टाकले, तिकडे विमानं आकाशात आणि सिनेटमधला रिपब्लिकनांचा नेता ट्रेंट लॉट जाहीर सांगतोय की या कारवाईला माझा पाठिंबा नाही, वेळच संशयास्पद आहे. त्याच आठवड्यात हाऊसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, क्लिंटनवर महाभियोग आणला. पुढच्या एप्रिलमध्ये कोसोवोच्या हवाई युद्धाला पाठिंबा द्यायचा ठराव २१३ विरुद्ध २१३ असा बरोबरीत पडला, विरोधातले बहुतेक रिपब्लिकन. विरोध केला याला माझी हरकत नाही, करायलाच हवा होता. पण मग २००३ मध्ये बुशने इराकवर हल्ला केल्यानंतर याच मंडळींनी प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणायचं, हे कसं चालेल?

डेमोक्रॅट धुतल्या तांदळासारखे असंही नाही हां. २००७ मध्ये इराकमध्ये सर्ज चालू होती, म्हणजे जास्तीची कुमक नुकती पोचत होती, आणि सिनेटमधला डेमोक्रॅट नेता हॅरी रीडने युद्ध हरलोय असं जाहीर करून टाकलं. सप्टेंबरात मूव्हऑन या डाव्या संघटनेच्या लोकांनी इराकमधल्या फौजेचा प्रमुख जनरल पेट्रियस याच्या आडनावावर कोटी करून ("बिट्रे अस", म्हणजे आपल्याशी गद्दारी) त्याला गद्दार ठरवणारी अख्ख्या पानाची जाहिरात दिली. पेट्रियस संसदेपुढे काय साक्ष देणार आहे ते आधी ऐका तरी! सिनेटने ७२ विरुद्ध २५ मतांनी त्या जाहिरातीचा निषेध केला तो योग्यच होता, माझ्या मते. धोरण चुकलं म्हणा, संरक्षणमंत्र्याचा राजीनामा मागा, पण हुकूम पाळणाऱ्या माणसाच्या नावाची टिंगल कशाला.

आणि प्रश्न विचारला की सैनिकाचं मनोधैर्य खचतं हे जे सांगतात ना, त्यांनी डिसेंबर २००४ आठवावा. कुवेतच्या तळावर संरक्षणमंत्री रम्सफेल्डसमोर टेनेसी नॅशनल गार्डचा (राज्याच्या राखीव दलाचा) एक जवान उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या गाड्यांना चिलखत म्हणून आम्ही कचऱ्यातनं भंगार पत्रे का शोधायचे? समोर बसलेल्या सैनिकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की प्रश्न तयार करायला एका पत्रकाराने मदत केली होती, तर आपले रेडिओवाले कन्झर्वेटिव्ह त्या पत्रकारावरच घसरले. अरे, पत्रे भंगारातले होते की नव्हते ते सांगा ना आधी!

म्हणून मला माणूस पटला तो वॉल्टर जोन्स, आमच्याच राज्यातला रिपब्लिकन खासदार, कँप लेज्यून त्याच्या मतदारसंघात. मार्च २००३ मध्ये फ्रान्सवर रागावून संसदेच्या कँटीनमध्ये फ्रेंच फ्राइजचं नाव फ्रीडम फ्राइज करायला लावलं त्या दोघांतला एक हा, युद्धाच्या बाजूने मतही दिलेलं. मग एका मरीनच्या अंत्यविधीला गेला, बायको आणि लहान मुलं समोर बसलेली, आणि तिथून त्याचं मन फिरलं. मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना सहीची पत्रं पाठवत राहिला, ऑफिसबाहेर त्यांचे फोटो लावले, २००५ मध्ये सैन्य परत आणायचं वेळापत्रक द्या म्हणणाऱ्या ठरावावर डेमोक्रॅटांबरोबर सही केली. पक्षातल्यांनी खूप सुनावलं, प्राइमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, त्याच्यासमोर आपलेच उमेदवार उभे केले. पण लेज्यूनच्या आसपासच्या लोकांनी, म्हणजे ज्यांची पोरं खरोखर तिकडे होती त्यांनी, त्याला दरवेळी निवडून दिलं. २०१९ च्या फेब्रुवारीत गेला तेव्हाही तो खासदारच होता, आणि रिपब्लिकनच.