नकाशातली जवळची वाट पोरींनी नाकारली

सोलापुरात सायकलीची चर्चा निघाली की ती बहुधा पहाटेच्या व्यायामावर जाते. आमच्या पूर्व भागातली पोरं सायकल व्यायामासाठी चालवत नाहीत. बाप लूमवर, आई विड्या वळत बसलेली. शाळेत सोडायला येणार कोण? पोरं चालत नाहीतर सायकलवर येतात, आणि कुठल्या रस्त्यानं येतात ते घरात फारसं कुणी विचारत नाही. पालकसभेत एकदा यावर बराच गलका झाला आणि ‘शाळेची सुरक्षित वाट ठरवायची’ असं ठरलं. मी भूगोल शिकवतो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

सहावी ते नववीच्या मुलांना कोरे कागद दिले आणि घर ते शाळा रस्ता काढायला सांगितला. भीती वाटते तिथं लाल खूण करायची. दुसरीकडे मी ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा छापून सगळ्यात जवळची वाट आखली. ती बघून नववीच्या पोरी हसायलाच लागल्या. “सर, त्या बोळात कोण जातंय?” बोळ एका बंद कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून. त्या भिंतीत एकही दार उघडत नाही, एकही दुकान नाही. पोरी जातात ती वाट बरीच लांबची, पण तिच्यावर पिठाची गिरणी आहे, शिलाईचं दुकान आहे, भज्यांची गाडी आहे. म्हणजे कुणीतरी बघतंय. फूटपाथवरची प्रत्येक गाडी हटवा म्हणणाऱ्यांत मी आता नाही. भजीवाल्याला दोन हात मागं सरकवून चालायला जागा ठेवली तर तो माझ्या कामाचा माणूस आहे.

मुलांच्या कागदांवर लाल खुणा वेगळ्याच ठिकाणी होत्या, यंत्रमागांच्या गल्ल्यांत. तिथं वाहनं कमी, मग भीती कसली? एकानं सांगितलं, “लूम चालू असल्यावर मागचा हॉर्न ऐकूच येत नाही, सर.” त्या खडखडाटात सुताची पोती घेऊन टेम्पो मागं-मागं येतो, चालकाला पोरगं दिसत नाही आणि पोराला टेम्पो ऐकू येत नाही. हे मला नकाशावरून सात जन्मांत कळलं नसतं.

मग विडी कामगार बायकांबरोबर चाललो. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायच्या आणि पान-तंबाखू घेऊन परत यायचं, त्यांची ही रोजची वाट. त्या सगळ्या फूटपाथ सोडून रस्त्याच्या कडेनं चालत होत्या. कारण विचारलं तर एक अक्का म्हणाल्या, “डोक्यावर ओझं असतंय मास्तर, एवढं उंच कोण चढणार, कोण उतरणार?” टेप लावली. काही ठिकाणी फूटपाथ जवळजवळ गुडघ्याला लागत होता. रस्ते कसे बांधावेत याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांसाठी १०३ क्रमांकाची पुस्तिका आहे. ती सांगते, फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. अक्कांनी पुस्तिका वाचलेली नव्हती, पण दोघांचं म्हणणं एकच होतं. माझ्या अर्जात हाच भाग सगळ्यात वजनदार ठरला.

खरा घोर हैदराबाद रोडचा होता. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडून येणाऱ्या मुलांना तो ओलांडावा लागतो. रस्ता ओलांडायचा वेळ काढताना साधारण सेकंदाला १.२ मीटर हा चालण्याचा वेग धरतात. १५ मीटर रुंदीला साडेबारा सेकंद झाले. पाठीवर दप्तर असलेल्या पाचवीच्या पोराला त्याहून जास्त लागतात. दुभाजकात थांबायला जागा मिळाली तर तेच अंतर दोन तुकड्यांत पार होतं. तिथली मोजणी डिसेंबर-जानेवारीतच करायची, असा एका पालकाचा आग्रह होता, आणि तो बरोबर होता. मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की ट्रकांच्या रांगा रस्त्यावर येतात. पोरं दोन ट्रकांच्या मधून डोकं काढून बघतात. ऑक्टोबरातल्या मोजणीत हे काहीच दिसलं नसतं.

वेगाचा मुद्दा बैठकीत पटवायला जड गेला. ‘तीस काय, पन्नास काय’ असा सूर होता. मी फळ्यावर गणित मांडलं: धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ५० किलोमीटरला ती ३०च्या जवळजवळ पावणेतीनपट. मग गतिरोधक हवा, यावर एकमत झालं, पण लोकांना हवा होता तो कंबरडं मोडणारा उंचवटा. रोड्स काँग्रेसच्याच ९९ क्रमांकाच्या पुस्तिकेतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५ला गाडी सहज जाते, त्याहून जोरात घातली तर कळते. असाच मागितला.

अर्जांचं फार सांगण्यासारखं नाही. एका कार्यालयात ‘हा रस्ता आमचा नाही’, दुसऱ्यातही तेच. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे लेखी विचारलं तेव्हा कागद हलला. ज्याला असं काही करायचं असेल त्यानं अर्जाची सुरुवात याच प्रश्नानं करावी, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

बैठकीत सगळ्यात उपयोगी पडलं ते आमच्या चित्रकलेच्या सरांचं बोलणं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या उंच काठ्या खांद्यावर घेऊन लोक गावातल्या अडुसष्ट लिंगांना पायी निघतात, तेव्हा ती वाट आधी चालून बघतात, खड्डे बुजवतात, लोंबणाऱ्या तारा वर घेतात. “पायी जाणाऱ्यांसाठी रस्ता तयार करणं या गावाला शिकवावं लागत नाही,” ते म्हणाले. त्यावर कुणी वाद घातला नाही.

सध्याची स्थिती अशी. पोरींच्या वाटेवरचे दिवे लागले. फूटपाथला दोन टोकांना उतार झाला, मधला भाग अजून तसाच आहे. लूमच्या गल्लीत शाळा भरताना आणि सुटताना टेम्पो मागं घ्यायचा नाही, हे कारखानदारांनी तोंडी कबूल केलंय; बहुतेक जण पाळतात. हैदराबाद रोडवरच्या दुभाजकाचा अर्ज अजून फिरतोय. मार्चपासून शाळा सकाळची होते, पोरं ऐन उन्हात घरी जातात, तेव्हा सावली कुठल्या बाजूला पडते ते बघून त्या महिन्यांसाठी वाट नव्यानं आखायची आहे. ते काम या वर्षी आठवीच्या वर्गाकडे दिलंय.