दीडशे लिटर पाणी आणि कमरेएवढी ज्वारी

बाल्टिमोरच्या बाहेर ७० नंबरचा इंटरस्टेट सुरू होतो, तिथं एक हिरवी पाटी आहे. कोलंबस ४२०, सेंट लुईस ८४५, डेन्व्हर १७००, आणि रस्त्याचं दुसरं टोक, कोव्ह फोर्ट २२००. आकडे मैलांचे. बाबांनी पाटी मोठ्यानं वाचली, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "साडेतीन हजार किलोमीटर. म्हणजे सोलापूर-पुणे सात फेऱ्या." तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस अंतर फेऱ्यांतच मोजतो.

नवऱ्याची बदली सॅन डिएगोला झाली आणि त्याच सुमारास आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. सामान ट्रकनं पुढं गेलं. आम्ही पाच जण, साडेचार वर्षांची लेक धरून, एक जुना बावीस फुटी कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, पिकअपच्या मागं जोडून सप्टेंबरात निघालो. तीन आठवडे, वळसे धरून तीन हजार मैल. आई-बाबांना विमानानं पाठवा, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील, असं इथल्या बऱ्याच ओळखीच्यांनी सांगितलं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. आता तर ठामपणे सांगते, या प्रवासात आमच्यापेक्षा तयार माणसं तीच दोघं होती.

आधी पाण्याचं सांगते, कारण कॅम्परमध्ये सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात, आणि तिसरी संडासची, ती ब्लॅक टँक. कॅम्पग्राऊंडवर नळ, वीज आणि गटाराचं कनेक्शन मिळतं तेव्हा काही प्रश्न नसतो. पण उजाड सरकारी जमिनीवर फुकट उतरायचं तर टाकीत आहे तेवढंच पाणी, आणि सांडपाण्याची टाकी भरली की स्वच्छ पाणी शिल्लक असूनही भांडी घासता येत नाहीत. आमच्या टाकीत दीडशे लिटर मावायचं. पिण्याचं कॅनमध्ये वेगळं. पहिल्या वेळी मी आणि नवऱ्यानं दोघांतच ही टाकी दोन दिवसांत संपवली होती.

युटातल्या सॅन राफाएल स्वेलमध्ये आम्ही पाच जण त्याच टाकीवर चार दिवस राहिलो. सगळं आईनं चालवलं. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात तिनं अख्खा संसार केलाय, तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. भाज्या धुतलेलं पाणी बादलीत, त्यात भांड्यांचं पहिलं पाणी, आणि ती बादली संडासात. म्हणजे ग्रे टँकही भरत नाही आणि फ्लशला चांगलं पाणीही जात नाही. खरकटं आधी कागदानं पुसून घ्यायचं. अंघोळ तांब्यानं, मोजून. तिनं आल्या दिवशीच टाकीचं बटण दाबून पातळी बघायला शिकून घेतलं होतं आणि रोज सकाळी ती आम्हाला सांगायची, "पाऊण आहे", "निम्मं आहे". चौथ्या दिवशी निघताना टाकीत पाणी उरलं होतं. शेजारी उतरलेलं एक जोडपं दुसऱ्याच दिवशी पाणी भरायला ग्रीन रिव्हर गावात गेलं. आईला त्याचं फार वाईट वाटलं, "सांगितलं असतं की त्यांना" म्हणाली.

टाक्या रिकाम्या करायचं काम नवऱ्याचं. नियम साधा आहे, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे मोरीच्या पाण्यानं नळी धुऊन निघते.

बाबांकडे चाकं. निघायच्या आधी सामान भरतानाच त्यांनी डबे, पाण्याचे कॅन, भांडी, सगळं जड सामान चाकांच्या पुढं घ्यायला लावलं. "मागं वजन झालं की उसाच्या ट्रॉलीगत डुलतंय बघ." मी नंतर माहितीपुस्तकात पाहिलं तर तेच लिहिलं होतं. कॅम्परच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा, नाहीतर वेगात मागची गाडी हेलकावे घेते आणि पुढच्या गाडीलाही ओढते. सोलापूर जिल्ह्यात गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर निघणाऱ्याला हे पुस्तकातून वाचावं लागत नाही.

प्रत्येक थांब्यावर ते उतरायचे, पाना घेऊन चारही टायर ठोकायचे, मग तळहात लावून गरम किती झालेत ते बघायचे. इंडियाना ओलांडल्यावर एका पेट्रोल पंपावर त्यांनी मला हाक मारली. "पोरी, हा आवाज ऐक." मला फरक कळला नाही. त्यांनी वाकून आतल्या बाजूला हात फिरवला, तिथं लिंबाएवढा फुगवटा आला होता. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. आमचा टायर आठ वर्षांचा निघाला. नक्षी नव्यासारखी होती, म्हणून विकणाऱ्यानं "टायर उत्तम आहेत" सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. कॅम्पर उभा राहून राहून रबर आतून वाळतं, म्हणून पाच-सहा वर्षांत टायर बदलायचेच असतात, नक्षी कितीही असो. चारही नवे घेतले. त्या टायरांवर आकाराच्या आधी दोन अक्षरं होती, एसटी. स्पेशल ट्रेलर. बाबांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. मग लेकीला उचलून दाखवलं, "हे बघ, आजोबांची गाडी."

लेक त्या दिवसापासून कंडक्टर झाली. गाडी मागं घेताना ती आणि बाबा खाली उभे राहायचे. ट्रेलर मागं घेणं अवघड, कारण स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की तो उजवीकडं जातो. युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, मग हात जिकडं जाईल तिकडं ट्रेलरचं मागचं टोक जातं. बाबा "येऊ दे, येऊ दे, बास" म्हणायचे आणि लेक पिकअपच्या पत्र्यावर एक थाप मारायची. निघताना दोन. डबल बेल.

कोलोराडोत आयझेनहॉवर बोगदा लागतो, अकरा हजार फुटांवर. त्यानंतर सात टक्क्यांचा उतार, कडेला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ काढलेले. तेवढा पट्टा गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी बसून एवढंच म्हणाले, "ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस." खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास आला नाही. बाबांची मला गाडी शिकवायची राहून गेली होती, ती त्या घाटात पुरी झाली असं मला वाटतं.

एक गोष्ट लिहायलाच हवी. लेकीच्या घरी राहायला आलेले आई-बाप कसे संकोचून असतात, हे आपल्याला माहीत आहे. मेरीलँडमधल्या आमच्या आधीच्या घरात आई फ्रिज उघडायच्या आधी विचारायची. बाबा दुपारभर सोफ्याच्या एका कडेला बसलेले. कॅम्परचं तसं झालं नाही. ते ना जावयाचं घर होतं, ना माझं. तिसऱ्या दिवसापासून आईनं डब्यांच्या जागा बदलल्या आणि मला मीठ कुठं आहे ते तिला विचारावं लागलं. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. आई-बाबा इकडं येणार असतील तर त्यांना बसमध्ये बसवून नायगारा दाखवून आणू नका. त्यांच्या हातात काम द्या.

खाण्याचा प्रश्न नव्हताच. सोलापूरहून आणलेली कडक भाकरी तीन आठवडे टिकली, शेंगाचटणीचे दोन डबे होते. शिवाय आई गॅसवर ताजी भाकरी करायची, छतातला पंखा लावून आणि दार उघडं टाकून, कारण भाकरी फुलवायला आचेवर टाकली की धुराचा अलार्म ओरडायचा.

कॅन्सस मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते वाटेत आधीच लागलं होतं, पण आईला विचाराल तर सगळा प्रवास तेवढाच. पश्चिम कॅन्ससमध्ये ओकली गावाजवळ उतरलो, तर कुंपणापलीकडं क्षितिजापर्यंत तांबूस कणसं. मला ओळखू आलं नाही. आई चपला घालून सरळ कुंपणाशी गेली. "अगं, ज्वारी आहे ही." अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते, ते मायलो म्हणतात तिला. पण आपली मालदांडी माणसाला झाकते, आणि ही कमरेएवढी. यंत्रानं कापायला सोपी जावी म्हणून बुटकी केलेली जात.

संध्याकाळी शेताचा मालक पिकअपमधून आला, सत्तरीचा माणूस. आई विचारत होती, मी भाषांतर करत होते. पाऊस किती? बेताचा. विहिरी? पाणी दरवर्षी खाली जातंय, म्हणून मक्याऐवजी या रानात मायलो. कडबा? तो कापत नाहीत, उभाच ठेवतात, कापणीनंतर गुरं सोडतात. आणि दाणा? गुरांना, आणि इथेनॉलला. माणसं खातात का, यावर तो हसला. चाळीस वर्षं पिकवतोय, पण चव घेतलेली नाही.

आई आत गेली. थापण्याचा आवाज त्यानं उभ्या उभ्या ऐकला. तिनं भाकरी, वर चटणी आणि तेल असं त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं एक तुकडा मोडला, उलटा करून पाहिला, खाल्ला. मग टोपी काढून बाकावर ठेवली आणि बसून सगळी भाकरी संपवली. आईनं दुसरी कागदात बांधून दिली, त्याच्या घरच्यांसाठी.

तिकडं सकाळ झाली असेल म्हणून आईनं लगेच मंगळवेढ्याला मामाला फोन लावला. तिनं कणसांचा रंग सांगितला, उंची सांगितली, कडब्याचं सांगितलं. मग विचारलं, "दादा, आपली पेरणी झाली का?"

"रात्री पाऊस झाला," मामा म्हणाला. "वाफसा आला की धरतो."